येणाऱ्याची मूठ

आमच्या घराची जनगणना दरवर्षी श्रावणात होते आणि ती गव्हावर होते. कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी ओट्यावर पितळी डबा ठेवायचा आणि भावकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्यात सव्वा मूठ गहू टाकायचे. त्याच पिठाचे देवीच्या नैवेद्याचे जाडजूड रोट होतात. आजोबा असोत की झोळीतलं पोर, मूठ सारखीच. बायकांची मात्र मूठ नसते. बायकांनी गहू निवडायचे, दळून आणायचे, रोट भाजायचे. हे मला लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून खटकतं. मी दरवर्षी ते बोलून दाखवते आणि दरवर्षी सगळे ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

मूठ टाकायचा मान माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्यांना मी जिजी म्हणते. हात मोठा, आवाज त्याहून मोठा. मी नवी नवरी होते तेव्हा जिजी नावं घेत सुटायच्या आणि पोरांचीच नावं संपता संपायची नाहीत. डब्यातले निम्म्याहून जास्त गहू अर्ध्या चड्डीतल्या मंडळींचे असायचे. पंगतही आधी त्यांचीच बसायची. रोटाचा नियम तसा कडक आहे: घराबाहेरच्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. पण असा काही नियम आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी फडक्यात चुरासुद्धा उरायचा नाही.

देशात लहान मुलांचं प्रमाण घटत चाललंय, असं मी पेपरात वाचायची तेव्हा मला हसू यायचं. माझी सगळी नोकरी तळोद्याकडच्या एका शाळेत गेली. तिथे एका बाकावर दाटीवाटीने पोरं बसायची आणि उरलेली सतरंजीवर. कुठे घटलंय, म्हणायची मी. मग निवृत्त होऊन कोरीटला घरी राहायला आले आणि आमच्या गल्लीत बघितलं. ओट्या-ओट्यावर म्हातारे. ज्या कडीला माझ्या मुलाची झोळी होती, तिला आता फवारणीचा पंप टांगलेला. त्या झोळीतली पिढी सुरत, नाशिक, पुण्याला गेली. कोणाला उशिरा एक झालं, कोणी नकोच म्हणालं. आमच्या या शाखेत आता एकच लहान पोर आहे, माझी नात. ती मुलगी, म्हणजे तिची मूठ नाही. थोडक्यात, आमच्या जनगणनेत पोरांचा वाटा शून्य.

आणि ते शून्य जिजींना सोसवेना. गेल्या वर्षी सगळी नावं झाल्यावर त्यांनी आणखी एक मूठ भरली, माझ्या सुनेकडे बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, "ही येनारानी!"

येणाऱ्याची मूठ. सगळे हसले. सुनेने हातातली चाळणी खाली ठेवली आणि ती परसात निघून गेली.

नातीच्या वेळी माझी सून मरणाच्या दारातून परत आली होती. रक्तासाठी मुलाने नाशिक पालथं घातलं. दवाखान्याच्या त्या दाराबाहेर मी बसले होते, त्यामुळे पुढे दोघांनी एकावरच थांबायचं ठरवलं तेव्हा मी एका शब्दाने काही विचारलं नाही. पण घरात कोणाला सांगितलंही नाही. ज्याचं त्याने बघावं, असं मला वाटत होतं.

यंदा कानबाईच्या आधी सुनेचा फोन आला. "आई, आम्ही येतोय. पण ती मूठ पुन्हा पडली तर पुढच्या वर्षीपासून मी येणार नाही. हिलाही पाठवणार नाही."

ती धमक्या देणारी मुलगी नाही, म्हणूनच मी ते मनावर घेतलं. ज्या सणाला मी वर्षभर नावं ठेवते, त्या सणाला अंगणात नात नसेल, हे मला सहन होईना. जिजींना आधीच गाठून सांगायचं ठरवलं. सासरच्या सगळ्यांशी मी भांडले आहे, पण जिजींपुढे माझी जीभ टाळूला चिकटते. मी नोकरीवर असताना माझा मुलगा त्यांच्याच मांडीवर वाढला. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे मला संकट. रोज उद्या सांगू म्हणत राहिले आणि मूठ टाकायचा शनिवार उजाडला.

डबा ठेवला गेला. जिजी सूप घेऊन बसल्या. नात त्यांना खेटून, सून दाराच्या चौकटीला टेकून. पहिली काही नावं झाली आणि सुरतेच्या पुतण्याचं नाव आलं. जिजींचा हात वरच थांबला.

"तो येनार शे का?"

"नही," माझे दीर म्हणाले. "त्यानी मूठ टाकी दे. रीत शे."

आता इथे मागच्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी. नावं सगळ्यांची आणि जेवायला घरात कवळी लावणारे नाहीतर साखरेचा आजार असलेले. रोट उरले. पौर्णिमा जवळ आली तशा जिजी हट्टाला पेटल्या. स्वतःला साखर असून त्यांनी उरलेले रोट गुळाशी एकटीने संपवले आणि मग नंदुरबारला सलाईन लावून घेऊन आल्या. आवडीने खाणारी एकटी माझी नात. दुधात कुस्करून खायची आणि वर आणखी मागायची.

"नावं बठ्ठी शेतस, पन खावाले कोन शे?" जिजी कडाडल्या. "मांगला साले मी मरता मरता वाचनू. तुमी खाशात का त्यानी मूठ?"

दिरांनाही साखर.

"औंदापाईन जो खास, त्यानीच मूठ." यंदापासून जो खाईल त्याचीच मूठ, असं ठरवून जिजींनी नातीला पुढे ओढलं. "तू खास ना वं रोट?"

"हो. दुधात," नात म्हणाली.

"मंग टाक तुन्ही मूठ."

मी इतकी वर्षं घसा कोरडा केला तो तत्त्वासाठी, आणि हा निकाल लागला साखरेमुळे! पण निकाल लागला. नातीने चिमुकली मूठ भरली. निम्मे गहू ओट्यावर सांडले, निम्मे डब्यात पडले. सव्वातली वरची पाव मूठ जिजींनी टाकली.

नावं संपली. जिजींचा हात पुन्हा सुपात गेला आणि मूठ भरून वर आली. सून चौकटीपासून सरळ झाली.

"जिजी," मी म्हणाले. "ती मूठ ऱ्हाऊ द्या. आते कोनी येनार नही."

जिजींनी माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं, बराच वेळ. मग मूठ सुपात मोकळी केली.

"खरं शे," त्या म्हणाल्या. "येनारानी मूठ खावाले मीच बठू का?"

दीर हसले, मग सगळेच हसले. मला तर हसताना रडू फुटलं आणि मी पदर तोंडावर घेतला. जिजींनी हात झटकले, नातीच्या डोक्यावर ठेवले आणि सुनेला म्हणाल्या, "ले बेटा, दळी आन. डबा भरायना."

जिजी भरला म्हणाल्या, पण डबा अर्धाही भरला नव्हता. सुनेने तो उचलून कडेवर घेतला, दुसऱ्या हाताने लेकीचं बोट धरलं आणि ती गिरणीकडे निघाली.