असाहेल ट्रेडवेलची साक्ष

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या आमच्या हार्टवेल गावात रविवारी सकाळी दोन आवाज चालत. एक पाद्रीबाबांचा आणि दुसरा असाहेल ट्रेडवेलच्या हातोडीचा. असाहेल लाकडी पिंपं बनवायचा. सफरचंदाच्या हंगामात गावाचं त्याच्यावाचून पान हलत नसे, म्हणून गाव त्याला खपवून घ्यायचं, एवढंच.

देव नाही, असं तो कधीच म्हणाला नाही. "देव आहे, आणि कामाला एकदम पक्का आहे," तो म्हणायचा. "मी पिंप विकलं की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसतो का, त्यात काय भरताय ते बघायला? त्यानंही जग करून दिलं. आता आपलं आपण बघायचं." वर आणखी ऐकवायचा की हे राष्ट्र ज्यांनी उभं केलं, त्यांतल्या बऱ्याच बड्या माणसांचा देव असाच आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त ती मंडळी असलं काही आपापसांत बोलत आणि चारचौघांत तोंड सांभाळत. असाहेल तरुणपणी त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता, पण त्यांच्यासारखं गप्प बसणं काही त्याला जमलं नाही.

एका वर्षी ऐन सुगीत, चर्चचे कारभारी व्हिपल यांचं गवताचं कोठार जळून खाक झालं. संशय आला जोथमवर. जोथम म्हणजे असाहेलच्या विधवा बहिणीचा, मेहिटेबलचा, एकुलता एक मुलगा. कुंपणावरून आदल्याच दिवशी त्याची व्हिपलांशी जुंपली होती. आग लागली तेव्हा तो मामाच्या दुकानात पिंपांना पट्टे चढवत होता. पण हे पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे मामा. आणि आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर बोलायची तेव्हा मुभा नव्हती.

जोथमच्या वकिलाने असाहेलला आधीच बजावलं होतं. "काका, तुम्हाला पहिल्यांदा एकच विचारतील. खोटं बोलणाऱ्याला मेल्यावर देव शिक्षा करतो, हे मानता का? सरळ 'हो' म्हणा. नाही म्हणालात तर तुमची साक्षच घेणार नाहीत. असल्या माणसाच्या शपथेला अर्थ काय, म्हणतील."

मेहिटेबलही मक्याची भाकरी बांधून दुकानात आली. "दादा, तुझी मतं तुला लखलाभ. पण उद्या तेवढा एक शब्द म्हण."

"अगं, जोथम काय मला परका आहे?"

"परका नाही. पण लोक बघत असले की तुला चेव चढतो, ते मला माहीत आहे."

खरं तर 'हो' म्हणणं त्याला फार जड नव्हतं. बायको गेल्यापासून ती कुठेतरी असेल, पुन्हा भेटेल, असं कितीदा तरी त्याच्या मनात येऊन गेलं होतं. 'तशी आशा आहे' एवढं तो खऱ्या मनाने म्हणू शकला असता.

पण कोर्ट खच्चून भरलं होतं. पुढच्याच बाकावर पाद्रीबाबा. व्हिपल शेजाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजले आणि दोघंही हसले. आपण नाक घासतोय हे बघायलाच सगळे जमलेत, असं असाहेलच्या मनाने घेतलं.

"मेल्यानंतर देव जाब विचारतो, हे तुम्ही मानता का?" सरकारी वकिलाने विचारलं.

"देव मानतो," असाहेल खणखणीत आवाजात म्हणाला. "मेल्यावर काही नसतं. माणूस मेला, संपला. आणि खरं बोलायला मला नरकाचा धाक लागत नाही."

मागून कुणीतरी "वा रे म्हाताऱ्या!" म्हणालं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला क्षणभर बरं वाटलं. न्यायाधीशांनी त्याला खाली उतरायला सांगितलं. जोथम अजून त्याच्याकडेच बघत होता, मामा आता बोलेल म्हणून.

राष्ट्र घडवणाऱ्या बड्यांना कुणी असं साक्षीला उभं करून हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर, मला वाटतं, ते निमूट 'हो' म्हणाले असते आणि घरी जाऊन जेवले असते.

जोथमला सक्तमजुरी झाली. त्या हिवाळ्यात तुरुंगात तापाची साथ आली आणि पोरगा त्यात गेला.

निरोप आला तसा असाहेल बहिणीकडे धावला. खटल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. चुलीपाशी बसली होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

"दादा," ती म्हणाली, "माझा जोथम आता कुठे असेल रे?"

"देवाजवळ आहे गं," असाहेल म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "तो सगळ्यांचा न्याय करतो. तिथे जोथमला कुणी खोटं पाडणार नाही. तुला भेटेल तो, बघ तू. मलाही भेटेल." यातला शब्दन् शब्द तो मनापासून बोलत होता.

मेहिटेबलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मग हे तेव्हा का नाही म्हणालास, दादा?"