कव्हर न घातलेलं पुस्तक

पहिलं पुस्तक मी खोटं बोलून आणलं. सूस गावातल्या पुस्तकांच्या दुकानात विक्रेत्याने "कुणासाठी हवंय?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून "भाच्यासाठी" निघून गेलं. संस्कृतात एम. ए. केलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, हे चारचौघांत उच्चारण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. नसलेल्या भाच्याला शोभेलसा जाडजूड ग्रंथ त्याने काढून दिला. घरी येताच मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. शाळा सुरू होताना मुलांच्या पुस्तकांना घालत असे तसंच, पण नाव झाकण्यासाठी.

तीन आठवडे मला ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने मी अभ्यास केला: अधोरेखन, टिपणं, पाठांतर. प्रत्येक उदाहरण सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं. नेरे गावात आमच्या भातखाचरावर आता भाड्याच्या खोल्या आहेत. तिथे राहणारी, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करणारी लातूरची मुलगी एकदा चावी द्यायला आली आणि वही पाहून थबकली.

"काकू, अक्षर काय सुंदर आहे हो! पण हे चालवून बघितलंत का?"

"चालवून?"

"कॉम्प्युटरवर! आणि हे पुस्तक तर मुलाखतीच्या तयारीचं आहे. मलासुद्धा जड जातं. कुणी निवडलं?"

निवडलं होतं माझ्या भित्रेपणाने.

ओसरीवर बसलेल्या दिरांनी हे ऐकलंच. "वहिनी, आता ह्या वयात कुटं नोकरीला जायचंय तुमाला? बसा की निवांत!"

निवांत बसण्याचा सल्ला मी आयुष्यभर पाळत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाऊन मी सांगून टाकलं: "मागचं भाच्यासाठी नव्हतं. मला शिकायचं आहे, आणि मला काहीही येत नाही."

विक्रेत्याने संकोचून एक रंगीत पुस्तक पुढे केलं. "मॅडम, हे मात्र सातवी-आठवीच्या मुलांचं आहे."

पहिल्याच पानावर दोन ओळी टाइप करायला सांगितल्या होत्या. मग त्यातलं एक चिन्ह मुद्दाम खोडून काय होतं ते पाहायला. मुद्दाम चुकायला सांगणारं पुस्तक मला कुठल्याच इयत्तेत मिळालं नव्हतं.

"हेच द्या. पिशवी नको."

ओसरीवर दिरांनी विचारलंच, "कुणाच्या पोराला आनलं?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले, आणि मुलाचा जुना लॅपटॉप कपाटातून काढून त्यांच्यासमोरच उघडला.