चेनवाल्या वहिनी

सगळी गल्ली त्यांना चेनवाल्या वहिनी म्हणायची आणि त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. चेन नवऱ्याची, वहिनींचं होतं ते फक्त मेण. पुढच्या खोलीतल्या यंत्रातून बॅगेची चेन बाहेर पडली की तिच्या दातांवरून त्या मेणबत्ती फिरवायच्या, रनर दोनदा ओढून बघायच्या आणि मगच ती गठ्ठ्यात टाकायच्या. मेण असेतोवर चेन सुरळीत चालायची, ते झिजलं की अडून बसायची. यंत्रातला साचा घासून गेलाय, तो बदला, हे सांगून सांगून वहिनींच्या तोंडाला फेस आला होता.

"आधी सरकारला बाहेरच्या देशांतून येणाऱ्या चेनींवर कर लावू दे," नवरा म्हणायचा. "मग साचाच काय, यंत्र बदलू. तग धरायला वेळ तर हवा."

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. एकेकाळी या गल्लीत घरोघरी चेनी बनायच्या. बाहेरची स्वस्त चेन आली आणि एकेका कारखान्याला टाळं लागलं, चांगले कारागीर हमालीला गेले. उरलेल्यांनी संघटना काढून वहिनींच्या नवऱ्याला अध्यक्ष केलं. तेव्हापासून त्यांनी मोर्चे काढायचे आणि यंत्राकडे वहिनींनी बघायचं, अशी वाटणी झाली. घरातही सगळे त्यांना अध्यक्षच म्हणू लागले. वहिनी म्हणायच्या तेव्हा त्यात मान जरा कमी असायचा.

या अध्यक्षांना मोठं गिऱ्हाईक एकच होतं, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. मागच्या खोल्यांत तो शाळेच्या बॅगा शिवायचा. निम्म्या चेनी नात्याखातर घरच्या घ्यायचा, निम्म्या बाहेरच्या, आणि जेवायला बसलं की दोघांची जुंपायची.

"दादा, व्यापार मोकळा असू दे. ज्याचा माल चांगला त्याचा घेऊ."

"म्हणजे माझा नको."

"तुझा चांगला असला तर तुझाच."

"आणि तोवर मी काय खाऊ?"

"तोवर पुढ्यातलं खा, निवतंय," वहिनी म्हणायच्या. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही ऐकायचं नव्हतं, याचाच त्यांना वीट आला होता.

शेवटी कर लागला. अध्यक्षांचा सत्कार झाला. घरी आल्या आल्या वहिनींनी साच्याचं विचारलं.

"आता कशाला? आता झक मारत आपलीच चेन घेतील."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

कर चेनीवर होता, चेन लावून शिवलेल्या बॅगेवर नव्हता. तो कोणी मागितलाच नव्हता. मोर्चा चेनवाल्यांचा, तिथे बॅगवाल्याला कोण विचारतो? चेन महागली तशी धाकट्याची बॅग महागली आणि बाहेरून तयार बॅगा आल्या, चेनीसकट, त्याच्याहून स्वस्त. ऐन शाळा उघडायच्या तोंडावर त्याचा माल खोलीत पडून राहिला. एके दिवशी सकाळी तो वहिनींपाशी येऊन बसला. त्या त्याच्याच चेनींना मेण लावत होत्या.

"वहिनी, राहू द्या आता. शिलाई बंद केली मी. समोर गाळा घेतोय, तयार बॅगाच विकेन." मग जरा चाचरत म्हणाला, "गिऱ्हाइकाशी नीट बोलणारं माणूस हवंय. याल?"

यंत्रामागून अध्यक्ष उसळले. "थांब, बॅगांवरही कर लावून घेतो. आजच निवेदन देतो."

"अहो, आपल्या चेनीची कापडी फीतही बाहेरून येते," वहिनी म्हणाल्या. "उद्या फीतवाल्यांनी मोर्चा काढला की कुठं जाणार आहात?"

काही दिवस यंत्र खडखडत राहिलं, गठ्ठे छतापर्यंत गेले. मग अध्यक्षांनीच ते बंद केलं.

वहिनींनी आठवडाभर मनात भांडणाची तयारी केली. तुमचं आयुष्य मोर्च्यात गेलं, माझं मेण लावण्यात, आता मी बाहेरचाच माल विकणार, काय म्हणायचं ते म्हणा. एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. सोमवारी त्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या.

"मी भाऊजींच्या दुकानात चाललेय. कामाला."

अध्यक्षांनी मान वर केली नाही. ते हातातला रनर नुसता फिरवत राहिले.

"त्याला आणखी एक माणूस लागेल का, विचारशील?"

वहिनींना त्यांच्यावर चिडायचं होतं. आज ते जमेना.