जिन्यावरचं निदान

माणसाने तोंड उघडायच्या आत त्याचा आजार ओळखणारे एकच डॉक्टर मी पाहिले, आणि त्यांच्याच दवाखान्यात मी सतरा वर्षं पेशंटचे नंबर लावले. सांधेवाताचे आमचे डॉक्टर मूळचे धुळ्याचे. दवाखाना सुरतेत, पांडेसराला, पहिल्या मजल्यावर. त्यांची खुर्ची मुद्दाम जिन्यासमोर. पेशंट पायऱ्या चढत असतानाच ते हळूच म्हणायचे, "ताई, लिहा," आणि मी यादीत नावापुढे त्यांचा अंदाज टिपायची. हाक मारल्यावर मानेऐवजी सगळं अंग वळवणारा म्हणजे मणका. एकाच चपलेचा अंगठा कापून आलेला म्हणजे पायाचा अंगठा सुजवणारा गाउट. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरीला आशीर्वाद द्यायचं विसरून त्यांनी नवरदेवाच्या मावशीला विचारलं, "सकाळी बोटं आखडतात ना? उद्या या." मावशी रागावल्या, पण आल्या. ऐन थंडीतही प्रत्येकाच्या हाती फ्रिजच्या पाण्याचा स्टीलचा ग्लास द्यायचा, बोटं पांढरी पडतात का बघायला. "हा डॉक्टर नुसतं पाणी पाजतो," असं लोक म्हणत आणि पुढचा नंबर घेऊन जात.

गेल्या दिवाळीनंतर त्या रकान्यातले अंदाज रिपोर्टांशी जुळेनासे झाले. मला ते दिसत होतं. तरी ते सांगतील तेच मी लिहीत राहिले.

मग सुरतेजवळच्या सचिन गावातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमधला कामगार आला. बोटांची टोकं निळी. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "आधी हात धुऊन या, भाऊ. रंग आहे." तो धुऊन आला. त्यांनी पुन्हा धाडलं. तिसऱ्यांदा मीच नळाखाली त्याचे हात साबणाने चोळले. बोटं थंडगार, कातडी ताणलेली, आणि पाणी अगदी स्वच्छ जात होतं.

"रंग नही शे हाऊ, ताई," तो अहिराणीत पुटपुटला.

आत येऊन मी तेच सांगितलं, हा रंग नाही. डॉक्टरांनी त्याचा हात डोळ्यांजवळ नेला, मग बोटांनी चाचपला. बराच वेळ. "याला आजच मोठ्या दवाखान्यात पाठवा, उशीर झाला तर बोटं जातील," ते म्हणाले. "आणि ताई, उद्यापासून नवे नंबर घेऊ नका."

त्याची बोटं वाचली. दर महिन्याला त्याला फोन करून विचारते, माझ्या यादीत ते आहेच. डॉक्टरांच्या नजरेला मात्र आता इलाज नाही. रविवारी मी त्यांच्या घरी जाते, आम्ही गॅलरीत बसतो.

"खालून कोण चाललंय, ताई?"

"एक आजोबा आहेत. भिंतीला धरून चाललेत."

"कुठल्या हाताने?"

मी नीट बघते. "डाव्या."

ते स्वतः डाव्या हाताने कठडा धरून दोन पावलं टाकतात. मग म्हणतात, "लिहा."

वही मी नेलेलीच असते.