मोठ्या अक्षरांतली नावं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तशी मी कमीच बोलते, त्यामुळे मी काही लपवते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तेलंगणातल्या आमच्या तामसी गावात बुद्धविहाराला लागून एक वाचनालय आहे. एक खोली, दोन कपाटं आणि उटनूरच्या कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर. गावातल्या मराठी शाळेला बरेच दिवस मराठीचा शिक्षक मिळाला नव्हता. म्हणून आमचे निवृत्त गुरुजी पुस्तकातला एकेक पाठ वाचून त्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे. शाळेत मुलं तो स्पीकरवर ऐकणार होती. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं.

गुरुजींना घशाचं दुखणं होतं. नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गुरुजी ते असं सांगायचे — जणू बदली झाली आहे.

त्यांचा पाठ झाला की तोच पाठ ते मला वाचायला लावायचे. मी आदिलाबादला इंग्लिश मिडियममध्ये शिकले. मराठी घरात बोलायचे. छापलेलं मराठी मात्र बोट ठेवून वाचायचे. "आमी-तुमी घरी बोल," ते हसत म्हणायचे. "पुस्तकात 'आम्ही' हाये तं 'आम्ही'च वाच. एवढी फी भरली तुह्या बापानं, अन् 'ह' कुठं सांडून आली?" माझं वाचनही सरावासाठी जपून ठेवायला सांगायचे.

आपल्या फाइलींना ते कॅपिटल अक्षरांत नाव द्यायचे — PATH 1, PATH 2. कीबोर्डवर अक्षरं तशीच असतात ना. आणि स्मॉल अक्षरं त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नसत. माझ्या फाइलींची नावं path 1, path 2. त्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी राहायच्या.

शेवटचा पाठ संपला. एका दुपारी मला वाटलं, सगळीच नावं कॅपिटल करून टाकावी. गुरुजींना माझ्याही फाइली सापडतील. तेवढंच कारण होतं का? की जे काम हाताने करत बसावं लागतं ते मी एका ओळीत करते, हेही दाखवायचं होतं? इंटरनेटवरून कमांडची ती ओळ उचलली, चिकटवली, एंटर दाबलं. कॉम्प्युटरने काही विचारलं नाही. माझी path 1 बदलून PATH 1 झाली आणि त्या नावाची जी फाइल आधीपासून होती तिच्या जागी जाऊन बसली. प्रत्येक पाठाचं तेच झालं. फोल्डर निम्मं झालेलं पाहून मी एक फाइल लावली — माझा आवाज. दुसरी लावली. माझाच.

उलट केलं असतं, सगळी नावं स्मॉल केली असती, तर माझा आवाज गेला असता आणि त्यांचा राहिला असता. मनातल्या मनात मी ते किती वेळा करून पाहिलंय. वेगळी कॉपी काढून ठेवायचं कामही माझंच होतं. काढली नव्हती.

पण इथवर ती चूक होती. पुढचं चूक नाही.

ऑपरेशनला अजून आठवडा होता. गुरुजींचा आवाज घोगरा झाला होता — पण होता. ते येऊन खुर्चीत बसायचे, माईककडे बघायचे.

"पोरी, सगळं बराबर हाये ना? एखादा पाठ पुन्हा वाचू का? आवाज हाये तवर घे वाचून."

"नको गुरुजी. सगळं आहे."

"मंग काऊन तोंड पाडून बसली? मी मरून नाही राह्यलो, मुका होऊन राह्यलो फक्त."

मी हसले. हो, हसले.

कशाची भीती होती मला? ते रागावले नसते. पहिल्या पाठापासून पुन्हा बसले असते. त्या घशाला त्रास नको म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. कॉम्प्युटरमधलं सगळं समजणारी मुलगी — गावात माझी तेवढीच ओळख होती. ती मला सोडवली नाही.

नागपूरहून परत आल्यावर एका संध्याकाळी सगळे वाचनालयात जमले. पाठ लावला. माझा आवाज. पुढचा लावला. गुरुजींनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. मग पाटी घेऊन लिहिलं — सेव्ह करायला मीच विसरलो असेन.

"मी म्हणत नवती?" काकू, त्यांची बायको, सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्या डब्ब्यातलं काई समजत नाही तुमाले, पन आयकाल तं!" गुरुजींनी मान खाली घातली. आणि मी — मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

आता शाळेत माझे पाठ लागतात. मी थांबते तिथे सोबत वाचणारी मुलं थांबतात. तिथे थांबायला गुरुजींनी मला शिकवलं होतं. ते अजूनही अधूनमधून संध्याकाळी येतात. नावं कॅपिटल अक्षरांत आहेत, त्यामुळे त्यांना मला विचारावं लागत नाही. एक पाठ लावतात, शेवटपर्यंत ऐकतात. मग पाटीवर लिहितात — छान.

मी पाटी पुसते आणि त्यांच्या हातात परत देते.