कच्चा डाग

आमचे शामकांत उभ्या आयुष्यात खोटं बोलले ते एकदाच. तेही दोन शब्दांचं. 'सिग्नल गेला.' जेवणानंतर चोरून पेढा खाऊन 'मी कुठं?' म्हणणं मी खोट्यात धरत नाही, ते सगळेच नवरे म्हणतात.

नागापूरच्या एमआयडीसीत ते ड्राफ्ट्समन होते. वाकडी रेघ त्यांना खपत नाही, माझ्या रांगोळीतलीसुद्धा. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, ह्यांनी सावेडीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत विमानांचा कारखाना काढला. रेडिओवर उडणारी, हातात मावतील एवढी विमानं. तीही सरळ उडणारी नव्हेत. कोलांट्या मारणारी, पाठीवर उलटी उडणारी, शेपटीवर उभी राहून हवेत लटकणारी. फोमशीट कापायची, कार्बनच्या काड्या चिकटवायच्या, वरून रंगीत प्लॅस्टिक इस्त्रीनं बसवायचं. इस्त्री अर्थात माझी. माझ्या नारायणपेठीच्या काठाला अजून नारिंगी ठिपका आहे.

रेडिओ म्हणजे छातीशी धरायचा डबा, त्यावर दोन दांड्या. एकाच रेडिओवर दोन-तीन विमानं उडवता येतात, पण उडवण्याआधी रेडिओत त्या विमानाचं नाव निवडावं लागतं. निवडलं की रेडिओ ते नाव मोठ्यानं बोलतो. आत कुणा परक्या बाईचा इंग्रजी आवाज होता. ह्यांनी तो काढून माझा भरला. त्यामुळं मी घरात कितीही गप्प बसले तरी शेतात ओरडतेच, 'घार!' घार हे ह्यांचं जुनं विमान. तिच्या पंखातल्या मोटारी उलट्या बाजूनं बसवलेल्या, म्हणून तिचे हुकूमही उलटे. ते दुसऱ्या विमानाला दिले, तर डावं म्हणावं आणि ते उजवीकडं जावं.

ही चूक होऊ नये म्हणून ह्यांचा एक नेम होता. उडवण्याआधी दांड्या हलवायच्या आणि पंखाची पाती नीट हलतात का ते बघत मोठ्यानं म्हणायचं, 'डावं, उजवं, वर, खाली.' नवशिक्यांना तर ते दहा वेळा म्हणायला लावत. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

अंगद मिरजगावचा. नागापूरला वायरिंगच्या एका वर्कशॉपात सोल्डरिंगच्या टेबलावर कामाला. चहाच्या टपरीवर ह्यांच्या हातातलं विमान बघून मागं लागला, तो घरचाच झाला. रविवारी आम्ही तिघं गाडीनं मिरजगावला जायचो. त्याच्या वडिलांचं, कारभारींचं, एक रान पडीक होतं. तिथं विमानं उडायची, मी बाभळीखाली बसून मटार सोलायची. अंगद सोल्डरिंगला 'डाग' म्हणायचा. त्याचे आजोबा भांड्यांना डाग द्यायचे, तो शब्द त्यानं सोडला नव्हता. "काकू, डाग पक्का बसला की वायर तुटंल पर डाग तुटनार न्हाई," म्हणायचा, आणि ते खरं होतं. ह्यांनी त्याला आपली चांगली सोल्डरिंग गन देऊन टाकली. मला तर त्यांनी इस्त्रीसुद्धा कधी परत दिली नाही.

सगळा पावसाळा खपून अंगदनं स्वतःचं पहिलं विमान बांधलं. नाव ठेवलं भिंगरी. ते नावही मी रेडिओत म्हटलं. श्रीरामपूरचे एक गृहस्थ त्याच्याकडून तसंच विमान बांधून घ्यायला तयार झाले होते, फक्त भिंगरी उडताना बघायची म्हणाले होते. पहिलं उड्डाण कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता. "पयलं काकांच्या हातनं," अंगद म्हणाला. मुलीची पाठवणी करावी तसं विमान त्यानं ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्या रविवारी कारभारींनी अर्धं गाव बोलावलं होतं. ह्यांनी आधी घार उडवली. उलटी, सुलटी, जमिनीला चाटून. पोरं शिट्ट्या वाजवत होती. आमच्या ड्राफ्ट्समनच्या अंगात वारं शिरलं. घार उतरवली, भिंगरीची बॅटरी जोडली आणि तशीच उडवली. भिंगरी वर गेली, कलली, जास्तच कलली, आणि पाठीवर होऊन शेजारच्या नांगरटीत घुसली. मोटार ढेकळात, पंखाचे तुकडे चार सऱ्यांत.

"काय झालं वो?" कारभारींनी विचारलं.

"सिग्नल गेला," हे म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं ह्या खेळात विमान पडलं की सिग्नल गेलेला असतो. त्यावर कुणी कुणाला विचारत नाही. पण भिंगरीतल्या सगळ्या वायरी अंगदनं जोडल्या होत्या. तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "माझाच डाग कच्चा निगाला, काका."

हे गप्प राहिले. दोन शब्दांचं खोटं घाबरून तोंडातून गेलं असं मी एक वेळ मानीन. पण हे गप्प राहणं मला अजून पचलेलं नाही.

अंगद त्या दिवशी गावीच राहिला. परतताना गाडीत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मांदळी गेलं, रुई गेलं, आणि मग लक्षात आलं.

"अहो," मी म्हटलं, "मी आज 'भिंगरी' म्हणाले का?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात तसेच. "नाही," म्हणाले. "रेडिओ घारीवरच राहिला. डावं-उजवंही केलं नाही मी. लोक बघत होते, सरोज."

"मग सांगा त्याला."

"सांगतो."

हे 'सांगतो' पुढं कितीतरी आठवडे चाललं. सांगायचं सोडून बाकी सगळं केलं. त्याला फोम नेऊन दिला, नवी मोटार दिली. ती अंगदनं परत पाठवली. वरच्या खोलीला कुलूप लागलं. पानात दोडक्याची भाजी वाढली तरी हे काही बोलेनात, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मी चिडून म्हटलं, "मोटारीनं काय होतंय? त्याचा डाग पक्का होता एवढं म्हणा की!" ते म्हणाले, "तो काका म्हणतो गं मला." जणू काका म्हटलं की गप्प बसणं माफ होतं.

मग एका संध्याकाळी अंगद स्वतःच आला. पिशवीतून सोल्डरिंग गन काढून टीपॉयवर ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. श्रीरामपूरवाल्यांना न्हाई म्हून कळवलं. लोकांचं इमान कशाला पाडू? आन सायबाला सांगितलंय, मला टेबलावरनं काढा, पॅकिंगला घाला. गाडीच्या ब्रेकच्या वायरी जोडतो आमी तितं. एखादा डाग कच्चा ऱ्हायला म्हंजी?"

मी चहा ओतता ओतता थांबले. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच बोलून गेले असते, आणि ते बोलणं माझं नव्हतं.

"अंगद," हे म्हणाले, "सिग्नल गेला नव्हता. रेडिओ घारीवर होता. मी बदललाच नाही. तुझा डाग पक्का होता, मला त्याच दिवशी माहीत होतं."

अंगदनं गन बाजूला सारली. मग म्हणाला, "रेडू आना."

ह्यांनी वरची खोली उघडून रेडिओ आणला. अंगदनं बटण दाबलं. 'घार,' मी म्हणाले. पुन्हा दाबलं. 'भिंगरी.' पुन्हा घार, पुन्हा भिंगरी. माझाच आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या दिशी," तो म्हणाला, "मी समदे डाग उकलून बगितले, काका. घरात बसून, एकेक. एक बी कच्चा नव्हता. तरी म्हनलं, काका खोटं कशाला बोलत्याल."

ह्यांना रडू फुटलं. अंगदनं त्यांना थोपटलं नाही, रागही केला नाही. गन उचलून पिशवीत टाकली आणि गेला. चहा तसाच राहिला.

तो पॅकिंगला गेला नाही, एवढं बरं झालं. संक्रांतीनंतर त्यानं दुसरी भिंगरी बांधली आणि आम्हाला रीतसर बोलावलं. कारभारींनी हुरडा काढला, बनुबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईनं, माझी ओटी भरली. कशात काही कमी नव्हतं. श्रीरामपूरचे गृहस्थही आले होते.

अंगदनं विमान जमिनीवर ठेवलं. ह्यांनी सवयीनं रेडिओसाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, काका," तो अगदी अदबीनं म्हणाला. "मीच उडवतो. तुमी निस्तं म्हना."

त्यानं बटण दाबलं. 'भिंगरी,' माझा आवाज रानभर गेला. मग हे सगळ्यांसमोर, रिकाम्या हातांनी, मोठ्यानं म्हणू लागले, "डावं. उजवं. वर. खाली."

भिंगरी सुंदर उडाली. तेव्हापासून अंगद दर रविवारी न्यायला येतो, काका-काकू तसंच म्हणतो. पण पहिलं उड्डाण त्यानं ह्यांना पुन्हा कधी दिलेलं नाही, आणि ह्यांनीही ते मागितलेलं नाही.