लेग गार्डवरचा खण

देवी आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला पवईच्या चढावर, भर दुपारी, तापून बंद पडलेल्या मोटारसायकलशेजारी उभं असताना. माझी धाकटी बहीण मुलुंडच्या हॉस्पिटलात बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाचं रक्त अंधेरीच्या एका रक्तपेढीत मिळालं. ती पिशवी बर्फाच्या डब्यात घालून मी पाठीवर बांधली होती. रस्ता तुंबलेला, रिक्षा जागच्या हलत नव्हत्या. दुचाकीच काय ती फटीतून निघाली असती, आणि नेमकी तीच दगा देत होती.

गाडी बाबांची, जुनी पण इमानी. अलीकडे मात्र तिला एक दुखणं जडलं होतं. सावकाश नेली तर शहाण्यासारखी चालायची. दामटली की इंजिन तापायचं, खटखट वाजायचं आणि दम सोडायचं. मेकॅनिकने ऑइल बदललं, प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. दर वेळी तो आधी लेग गार्डवरच्या खणाला हात लावून नमस्कार करायचा आणि मग बाकीची गाडी तपासायचा. मीही तेच करायचो. मालवणकडच्या आमच्या देवीच्या ओटीतला तो खण. गाडीची राखण व्हावी म्हणून आईने तो इंजिनासमोर चांगला रुंद पसरून, घट्ट बांधला होता.

गाडी जरा निवाली, सुरू झाली आणि भांडुपला पुन्हा बसली. डब्यातला बर्फ वितळून माझी पाठ भिजत होती. मी देवीवर चिडलो. तुझा खण मिरवत फिरतो आणि तू माझीच वाट लावतेस, असं तोंडावर म्हणालो. शेजारी फुटपाथवर एक बाई घरंगळलेले नारळ गोळा करत होती. तिची पिशवी बुडातून फाटली होती.

"भाऊ, ते कापड द्या ना. नारळ बांधते."

"देवीचं आहे हो ते."

"मग काय झालं? नारळ पण देवीचेच आहेत."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. गाठ मला सुटेना, तिनेच सोडली. नारळ बांधले, "सावकाश जावा," म्हणाली आणि गल्लीत वळली.

सावकाश कुठला जातोय मी. एव्हाना निवालेली गाडी किक मारताच सुरू झाली आणि नाहूरपर्यंत मी ती अक्षरशः पिळली. इंजिन खटखटलं नाही की अडखळलं नाही. मुलुंडला पोहोचल्यावर कळलं, इतके महिने त्या खणाने इंजिनाला समोरून वाराच लागू दिला नव्हता.

रक्त वेळेत चढलं. आईला सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तिचा होता, तिणा नेल्यान."

वाऱ्याने इंजिन थंड राहतं, हे मलाही कळतं. पण त्या बाईला त्याच वेळी, तिथेच, तेच मागायची बुद्धी कोणी दिली, हे मी कोणाला विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने डोळे उघडले आणि भाची माझ्या हातात दिली. एवढंसं ते ऊन ऊन अंग छातीशी धरून मी तसाच उभा राहिलो. हात जोडायला मोकळे नव्हते, आणि मागायला काही उरलं नव्हतं.